आबांनी पोतं लावलं

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. तळेगावात वाढले तेव्हा आई म्हणायची, "हळू बोल गं, आपल्याकडे आज कसली भाजी आहे ते समोरच्यांना कळतं." लग्न होऊन लोणावळ्याला आले, तर सासूबाईंनीही आठवड्याभरात तेच सांगितलं. मी दोघींचंही ऐकलं नाही आणि बरं केलं. शाळेत मराठी शिकवते. माझ्या तासाला मागच्या बाकावर डुलकी काढणं आजवर कुणाला जमलेलं नाही. शाळेबाहेर लग्नं, गॅदरिंग, कबड्डीचे सामने, बैलगाड्यांच्या शर्यती, जिथे माईक तिथे मी. शर्यतीला माईकवर बाई म्हणून सुरुवातीला लोक वळून बघायचे. आता मी नसले तर वळून बघतात.

एके दिवशी फुटबॉल क्लबचा मॅनेजर शाळेत आला. पुण्याचा तरुण मुलगा, इस्त्रीचा शर्ट. सामन्यांच्या वेळी मैदानावर निवेदन करायला कुणीतरी हवं होतं.

"मॅडम, तुम्हाला फुटबॉल कळतो का?" त्याने विचारलं.

"नाही. तुम्हाला निवेदन कळतं का?"

"नाही."

"मग झालं तर, फिटंफाट. कधी यायचं?"

क्लब नवा होता. देशातल्या व्यावसायिक फुटबॉलच्या तिसऱ्या पायरीवर त्याला जागा मिळाली होती. वरच्या दोन पायऱ्यांवर मोठी नावं, टीव्ही, जाहिराती. तिसरीवर खेळाडूला पगार मिळतो, पण टपरीवर चहा पिताना त्याला कुणी ओळखत नाही. माझा धाकटा दीर लोणावळ्यात हॉटेलात मॅनेजर आहे आणि परदेशातला फुटबॉल बघायला रात्र रात्र जागतो. मी हे काम घेतलंय म्हटल्यावर तो पोट धरून हसला. "वहिनी, तिसरी पायरी म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे लोक फुटके डबे ठेवतात."

"तू जिना चढलायस का कधी? लिफ्टने जातोस," मी म्हटलं. पण खरं सांगते, मनातून मलाही तेच वाटत होतं.

मैदान होतं टाकवे बुद्रुकच्या अलीकडे, आणि ते आबांचं होतं. आबा म्हणजे टाकव्यातले जुने शेतकरी, पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवणारं घर, इंद्रायणी तांदूळ. वय झालेलं, पण पाठ ताठ आणि जीभ त्याहून ताठ. त्यांची सपाट खाचरं रस्त्याला लागून होती. खाचर म्हणजे चारी बाजूंनी बांध घालून पाणी कोंडून ठेवलेला भाताचा तुकडा. मावळात अशी सपाट जमीन दिसली की गाड्या थांबतात, काळे चष्मे उतरतात आणि प्लॉटची बोलणी सुरू होतात. आबांच्या दारात अशी किती माणसं चहा पिऊन गेली असतील, देव जाणे. त्यांनी एकाला दिली नाही. आणि फुटबॉलवाल्यांना मात्र मैदानासाठी वापरायला दिली! का दिली, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं.

"अगं पोरी, जो आला त्यो म्हनायचा, हितं ह्ये बांधू, तितं त्ये बांधू," आबा म्हणाले. "ह्ये पयले असे आले की म्हनले, आमाला काय बांधायचं न्हाई, मोकळंच ऱ्हाऊ द्या. मला पटली ती मानसं."

मग आबांनी बांध मोडले. गावात चर्चा झाली. म्हातारचळ लागला म्हणाले, हातची भाकरी टाकून चेंडूमागं धावतोय म्हणाले. आबांनी त्यांनाही चहा पाजला. खरी गंमत पुढे होती. खाचराची माती पाणी धरून ठेवायला मुरलेली, आणि मैदानाला हवं पाणी निघून जायला. पहिल्या पावसाळ्यात मैदानाचं तळं झालं, बेडूक गोलमध्ये बसले. आबांनी मैदानाखालून चर खणून घेतले, त्यात खडी भरली, उतार काढला. "जलमभर पानी अडवलं," म्हणायचे, "आता घालवायला शिकतुया." मग गवत लावलं. आवणीला भाताची रोपं लावतात तसं, वाकून, ओळीत, चिखलात. घरच्या बायका आणि क्लबचे खेळाडू एकाच ओळीत. त्यातला एक मणिपूरचा होता, त्याचा हात इतका सराईत चालला की आबांनी त्याला विचारलं, "तुज्याकडं बी भात हाय का रं?" तो फक्त हसला, कारण त्याला 'भात' एवढंच कळलं होतं. पण ते बरोबर कळलं होतं.

आता आबांचं काय पणाला लागलं होतं, ते सांगते. मैदानाला लीगची परवानगी एकेका मोसमाची होती. मोसमातला शेवटचा घरचा सामना झाला की मॅच कमिशनर अहवाल देणार. मॅच कमिशनर म्हणजे सामन्यावर देखरेख करायला लीगने पाठवलेला अधिकारी. त्याने नाही म्हटलं की पुढच्या मोसमाचे सामने पुण्यातल्या एखाद्या स्टेडियमवर जाणार. क्लबला काय, बस पुण्याकडे वळवायची की झालं. पण आबांचे बांध गेलेले, जमिनीखाली खडी भरलेली. त्या जमिनीत पुन्हा भात उभं राहायला किती वर्षं लागतील, हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ नको. सामने गेले तर आबांकडे ना भात, ना फुटबॉल. आणि मग काळे चष्मे होतेच, रस्त्यावर उभे.

मी कामाला लागले, पण पहिल्या सामन्यालाच चिडले. नियम काय, तर खेळ चालू असताना माईकवर बोलायचं नाही! संघ जाहीर करा, गोल झाला की नाव सांगा, बदली खेळाडू सांगा, गप्प बसा. माझ्यासारखीला म्हणजे निर्जळी उपासच. प्रेक्षकही मोजके. आबांच्या घरची माणसं, कान्हे फाट्याचे दोनचार रिक्षावाले, आणि चुकून थांबलेला एक आइस्क्रीमवाला. तो आइस्क्रीमवाला पुढे प्रत्येक सामन्याला आला, हे आधीच सांगते.

गप्प बसावं लागलं म्हणून मी बघायला लागले. आणि बघता बघता मला खेळ कळायला लागला. आधी वाटायचं, एवढे सगळे पळतात तरी कशाला, चेंडू तर एकाच्याच पायात आहे. मग दिसायला लागलं की ज्याच्या पायात चेंडू नाही, तोच खरा खेळ मांडतोय. आमचे खेळाडू पहिल्या मोसमात चेंडू आला की हाणायचे, लांब, आभाळात, जावो कुठे जायचं तिथे. प्रशिक्षक केरळचे, शांत माणूस, फक्त एकच शब्द ओरडायचे, "खाली! खाली!" एवढं एकच मराठी त्यांना येत होतं, तेही आबांनी शिकवलेलं. पुढच्या मोसमात चेंडू जमिनीवर आला. आमचा गोलकीपर शेजारच्याला द्यायचा, शेजारचा मधल्याला, मधला वळून पुढे. चुकायचे, गोल खायचे, पण पुन्हा तसंच खेळायचे. तिसऱ्या मोसमात समोरच्या टीम आमच्याकडे येऊन दमायला लागल्या.

आणि समोरच्याही सुधारत होत्या, हं. हे माझ्या दिराला पटवायला मला फार वेळ लागला. तो म्हणायचा, वरच्या लीगमध्ये न जमलेलेच इथे येतात. मी त्याला एकदा हाताला धरून आणला. लोणावळ्याहून लोकलने कान्ह्याला उतरलो, आणि बेगडेवाडीच्या बाजूने आलेली कारखान्यातली पोरं समोरच्या गाडीतून उतरली, ढोल घेऊन. मग मैदानावर समोरच्या टीममधला एक अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा बघितला, दोघांच्या मधून सुईत दोरा ओवावा तसा चेंडू घालणारा. दीर म्हणाला, "वहिनी, हा इथे काय करतोय?"

"चढतोय," मी म्हटलं. "पायरी चढायलाच असते ना?"

पुढच्या वर्षी तो पोरगा खरंच वरच्या लीगमध्ये गेला. दिराने टीव्हीवर बघून मला फोन केला. एवढा आनंद त्याने मुलगा पास झाला तेव्हाही केला नव्हता.

ज्यांना तिसऱ्या पायरीचा खेळ म्हणजे फुटके डबे वाटतात, त्यांना माझं एकच सांगणं आहे, काठावर येऊन उभे राहा. टीव्हीवर चेंडू दिसतो. इथे खेळाडूचा श्वास ऐकू येतो, बूट गवतात रुतल्याचा आवाज येतो, एकमेकांना दिलेल्या चार भाषांतल्या शिव्या येतात. आणि दर मोसमाला खेळ एक बोट वर सरकलेला डोळ्यांनी दिसतो. वरच्या माळ्यावर बसणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

गर्दीही वाढली. आणि गर्दी मावळातली, म्हणजे आपल्या चालीरीती सोडून येणार थोडीच! कबड्डी बघून मोठी झालेली माणसं. समोरचा चेंडू घेऊन आला की सगळं मैदान ओरडायचं, "धर! धर! पाय धर!" आमच्या डाव्या बाजूचा बचावपटू इथलाच, पूर्वी कबड्डीत पकड करणारा. त्याने एकदा खरंच धरला. लाल कार्ड मिळालं, आणि गर्दीने टाळ्या वाजवल्या.

आणि दुसरी चाल म्हणजे इनाम. आमच्याकडे शर्यतीत कुणाची जोडी झकास पळाली, कुस्तीत कुणी डाव मारला, तर बघणारा माणूस उठतो, माईकवाल्याकडे जातो आणि सांगतो, ह्याला माझ्याकडून इनाम लाव. मी पुकारते, "अमक्या गावच्या तमक्यांनी ह्या जोडीवर फेटा लावला!" जोडी आपल्या गावची असो वा दुश्मनाची, चांगलं पळालं तर लावायचं. ही मावळची रीत आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. मॅनेजरने पहिल्याच मोसमात बजावलं होतं, "मॅडम, पैशाची बक्षिसं अजिबात पुकारायची नाहीत. लीगला चालत नाही." मी नाही पुकारली. कधीच नाही. शब्दाची पक्की आहे मी.

पण तांदूळ म्हणजे पैसा नव्हे ना!

तो मोसमातला शेवटचा घरचा सामना. दक्षिणेकडची तगडी टीम आली होती. त्यांची बस उर्स्याला एक्स्प्रेसवे सोडताना चुकीच्या बाजूला गेली, म्हणून तासभर उशिरा पोचली. मॅच कमिशनर उत्तरेकडचे, एके काळचे खेळाडू, केस पिकलेले, बोलणं कमी. सकाळीच येऊन त्यांनी मैदान पायाखाली घातलं. चर बघितले, खोल्या बघितल्या, अँब्युलन्स बघितली. नदीच्या बाजूच्या कोपऱ्यात, झेंड्यापाशी, गवत विरळ झालं होतं. तिथे थांबून बुटाच्या टोकाने माती उकरली आणि काहीच न बोलता पुढे गेले. आबा माझ्या टेबलाशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून सगळं बघत होते. पांढरी टोपी नवी घातली होती.

"काय म्हनला गं त्यो?" त्यांनी तीनदा विचारलं.

"अजून काही नाही म्हणाले, आबा."

"न बोलनारा मानूस वंगाळ," आबा म्हणाले.

सामना असा रंगला की काय सांगू. आम्ही चढून खेळत होतो आणि त्यांचा गोलकीपर काही चेंडू आत जाऊ देईना. उंच, काटकुळा पोरगा, हात लांबच लांब. उत्तरार्धात आम्हाला पेनल्टी मिळाली. आमच्या पुढच्या फळीतल्या भरवशाच्या खेळाडूने खाली, कोपऱ्यात, जोरात मारला. मला तर गोलच दिसला, मी माईक तोंडाशी नेला होता. आणि तो पोरगा आडवा झाला, बोटांनी चेंडू बाहेर ढकलला. सगळं मैदान चिडीचूप. एवढ्या गर्दीत आइस्क्रीमच्या गाडीची घंटी तेवढी वाजली.

आणि आबा उठले. "वा रं पठ्ठ्या!" टोपी काढून डोक्यावरून फिरवली आणि मला म्हणाले, "लाव त्याच्यावर एक पोतं. इंद्रायणी."

"आबा, तो समोरचा आहे."

"मग? समोरच्याचा बैल पळाला तर गप बसायचं व्हय?"

मला काय, चेंडू बाहेर गेलेला, खेळ थांबलेला, बोलायला मुभा. मी पुकारलं, माझ्या पुऱ्या आवाजात, पार कान्ह्यापर्यंत गेलं असेल: "टाकव्याच्या आबांनी समोरच्या गोलकीपरवर लावलं आहे एक पोतं! आबांनी पोतं लावलं!"

मैदान पुन्हा जिवंत झालं. टाळ्या, शिट्ट्या, ढोल. आमचे लोक समोरच्या गोलकीपरला हात करत होते. मला भरून आलं. म्हटलं, बघा, अशी माणसं आहेत आमची.

त्यानंतर आमच्याच भरवशाच्या खेळाडूचे दोन फटके गोलच्या खांबाला लागले. सामना गोलाशिवाय सुटला. मी माईक बंद करून बघते, तर कमिशनर माझ्याकडे रोखून बघत होते, आणि शेजारी मॅनेजर पांढराफटक.

"मॅडम," मॅनेजर कुजबुजला, "तुम्ही आपली पार वाट लावलीत."

क्लबचं ऑफिस म्हणजे आबांची तांदळाची खोली. भिंतीला पोत्यांची थप्पी, मध्ये टेबल. कमिशनर टेबलामागे बसले. मी उभी, मॅनेजर उभा. आणि मला तिथे कळलं की काय घोटाळा झालाय.

"गोलकीपर पर क्या लगाया?" त्यांनी विचारलं. "कितना लगाया? किसने लगाया?"

अरे देवा! लावलं म्हणजे लगाया! हा माणूस समजत होता की मैदानाच्या मालकाने समोरच्या गोलकीपरवर पैज लावली, ती मीच माईकवर पुकारली, आणि त्यानंतर आमच्या खेळाडूने दोनदा गोल हुकवला. सट्टा. त्याच्या जागी मी असते तरी मला तसंच वाटलं असतं. पण त्या वेळी मला एवढं शहाणपण कुठलं? मला राग आला. मराठीची शिक्षिका मी, आणि माझ्या क्रियापदावर आळ!

"सर, वैसा लगाया नहीं," मी माझ्या हिंदीत सुरू झाले, आणि माझं हिंदी म्हणजे मराठीला हिंदी टोपी. "हमारे इधर सब लोग लगाते हैं।"

"सब लोग?"

"हां! बचपन से!"

मॅनेजरने डोळे मिटले. मी पुढे. "बैल पे लगाते हैं, पहलवान पे लगाते हैं। अच्छा किया तो दुश्मन पे भी लगाते हैं!" मला वाटलं, मी आमच्या संस्कृतीचं मोठेपण सांगतेय. कमिशनरांनी पेन उचललं.

"मैडम, आप समझ रही हैं आप क्या कह रही हैं? इस पर मैदान की परमिशन जा सकती है।"

माझ्या एका शब्दाने आबांचं मैदान जाणार होतं. लावणे, लावणे, लावणे! वर्गात फळ्यावर लिहून देते मी ह्या क्रियापदाचे अर्थ. दिवा लावणे, कुलूप लावणे, नाव लावणे, कडी लावणे. आणि त्या क्षणी मला हिंदीतला एकही साधा शब्द सुचेना. ह्या तोंडाला आयुष्यात कधी कुलूप लागलं नव्हतं, ते तिथे लागलं.

तेवढ्यात दार ढकलून आबा आत आले. थप्पीकडे गेले, पोती हाताने चाचपायला लागले. "त्यातलं नवं कोनचं? त्या पोराची बस सुटंल. जुनं दिऊन चालायचं न्हाई, इनाम हाय."

"यही हैं?" कमिशनरांनी विचारलं. "इनसे पूछिए। इन्होंने क्या लगाया?"

मी आबांना सगळं सांगितलं. की साहेबांना वाटतंय तुम्ही पैज लावली. की मैदान जाऊ शकतं. आबा पोत्यावर हात ठेवून ऐकत राहिले. मग वळले. मी आबांना चिडलेलं कितीदा बघितलंय, पण असं कधी नाही. आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"काय लावलं, इचारतोय व्हय? सांग त्याला. ह्या जमिनीत म्या आदी भात लावलं. माज्या बापानं लावलं, त्याच्या बापानं लावलं. मग ह्यांच्यासाठी भात मोडून गवत लावलं. आन् आता जीव लावलाय. आजून काय लावायचं ऱ्हायलंय माजं? सांग म्हनावं, त्ये बी लावतो."

मी भाषांतर करायला घेतलं. "सर, वो बोलते हैं, पहले उन्होंने चावल लगाया। खेत में। फिर घास लगाई, ये मैदान की।" आणि 'जीव लावलाय'पाशी माझाही आवाज खाली गेला. माझा, जिचा आवाज समोरच्या घरी भाजी सांगायचा! तिथे कसंबसं म्हटलं, "और अब जान लगाई है, सर। और कुछ बचा नहीं उनके पास लगाने को।"

कमिशनरांनी पेन खाली ठेवलं. पोत्यांकडे बघितलं. "तो वो बोरी... चावल की थी?"

"हां सर! इनाम! बक्षीस! अच्छा खेला इसलिए!"

"दूसरी टीम के लड़के को?"

"अच्छा तो वही खेला ना!" मी म्हटलं, आणि माझा आवाज परत आला.

ते हसले नाहीत, पण कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. मग त्यांनी सुनावलं, आणि चांगलं सुनावलं. तांदूळ असो की सोनं, माईकवरून कुठल्याही खेळाडूला काहीही पुकारायचं नाही. पुन्हा झालं तर ते स्वतः क्लबवर कारवाई करतील. हे बक्षीस त्या मुलाला मिळणार नाही. द्यायचंच असेल तर पाहुणचार म्हणून पूर्ण टीमला द्या, आणि दोन्ही टीमना सारखं. मी आबांना सांगितलं.

"दोन्ही?" आबा उसळले. "आमची पोरं पेनल्टी चुकली, आन् त्यास्नी बी पोतं?"

"आबा!" मी ओरडले. ही ओरड मात्र कान्ह्याच्याही पुढे गेली असेल.

"बरं, बरं," आबा म्हणाले. "घ्या म्हनावं."

पोती बसमध्ये चढली. तो काटकुळा गोलकीपर दारात उभा होता. आबांनी त्याचे लांब हात आपल्या हातात धरून उलटसुलट बघितले आणि पाठीत थाप मारली. तो वाकून पाया पडला. काय चाललंय ते त्याला कळलं असेल की नाही, देव जाणे, पण बस निघाली तेव्हा तो मागच्या काचेतून हात हलवत होता.

कमिशनर सगळ्यात शेवटी निघाले. अहवालात काय लिहिणार, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. माझी! मॅनेजर नखं खात होता. आबा मैदानाकडे तोंड करून उभे होते, कुणाकडेच न बघता. कमिशनर गाडीपाशी गेले, दार उघडलं, आणि थांबले. परत वळून मैदानाच्या कडेने चालत गेले, नदीच्या बाजूच्या त्या कोपऱ्यात, झेंड्यापाशी. तिथे उभं राहून त्यांनी आबांना हाताने बोलावलं. आम्ही सगळेच मागोमाग गेलो.

त्यांनी विरळ झालेल्या गवताकडे बोट दाखवलं. मग आठवून आठवून, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं बोलले.

"आबा, इधर घास फिर से... लावा। अगले सीज़न से पहले।"

मला कळायला क्षणभर वेळ लागला. मॅनेजरला माझ्याआधी कळलं, त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी रडले, लपवत नाही. आबा मात्र खाली बसले होते. त्यांनी मूठभर माती उचलली, बोटांत चुरून बघितली, आणि वर न बघताच म्हणाले, "लावतो."